परमुलखाचा कौल

प्रिय विनीत,

अनेक उत्तम आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालास, आई, दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव. चांगलं पातळ नेस, अंगणात उभी राहा आणि सांग की माझा मुलगा शिकून, रीतसर कागद करून तुमच्या देशात आला, कुणाचं हिरावून घेऊन नाही. पोटनिवडणुकीत तुला पुन्हा तिकीट मिळालं, तिकडच्या लोकांना उमेदवाराची आई बघायला आवडते, असंही म्हणालास. मी नेसले रे. शेजारची ईशा फोन धरून उभी राहिली. पहिल्या वाक्यालाच माझा आवाज बसला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी तीच म्हणाली, “काकी, राहू दे. तुम्ही लिहा, मी पानांचे फोटो काढून दादाला पाठवते.” म्हणून हे लिहितेय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

गणपती नीट पार पडले. आरतीला ताम्हन आपल्या दर्शनाच्या सानिकाने धरलं. आता तिसरीत गेली. तुझ्या ताईसारखीच कपाळाला आठी घालून अभ्यास करते. रात्री माझ्याजवळ झोपते आणि सकाळी दर्शनाचा फोन आला की, शाळेची घाई आहे, म्हणून पळते. पूर्वी फोनला चिकटून बसायची. हल्ली नाही.

आपल्या जावयाने, स्वरूपने, मुंबईत दुसरा संसार थाटला, तेव्हा दर्शना चिपळूणच्या दवाखान्यात परिचारिका होती. तू तिला तिकडे विलायतेत बोलावलंस, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची नोकरी शोधून दिलीस, ते मी विसरलेले नाही. तिचे कागद व्हायला फाल्गुन उजाडला आणि त्याच महिन्यात तिकडच्या सरकारने नियम काढला की, अशा कामाला येणाऱ्या बायकांना मुलं आणता येणार नाहीत. दर्शना जायलाच तयार नव्हती. तू म्हणालास, “ताई, तू पुढे ये. यंदा निवडणूक आहे. आमचा पक्ष आला की हा नियम पहिला जाईल.” तुझ्या त्या शब्दावर ती गेली. रत्नागिरी स्टेशनवर सानिका गाडीला हात करत होती आणि मला विचारत होती, आता आपला नंबर कधी?

त्या आषाढात मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, हसशील म्हणून. देवळात जाऊन देवीला कौल लावला. शिवा गुरवाने विचारलं, “वहिनी, गाऱ्हाणं कोणाच्या नावाने घालू?” म्हटलं, विलायतेत मतदान आहे, विनीतचा पक्ष निवडून येऊ दे. त्याने हात जोडले. मग गंभीरपणे गाऱ्हाणं घातलं, बा देवी माते, परमुलखात आपलं लेकरू हाय, तिथलं सरकार बदलू दे, मायलेकींची गाठ पडू दे. देवळात होती नव्हती ती माणसं म्हणाली, “व्हय म्हाराजा.” देवीने उजवा कौल दिला, होईल म्हणाली. तुमचा पक्ष आला, तू गुलाल नसलेल्या मिरवणुकीचे फोटो पाठवलेस, मी वाडीत पेढे वाटले.

नियम काही गेला नाही. मी विचारलं की तू म्हणायचास, थोडं थांब, पक्षात दोन तट आहेत. एक म्हणतो माणसांशिवाय दवाखाने चालणार कसे, दुसरा म्हणतो लोक चिडलेत, घरं मिळत नाहीत, दार ओढून घेतलं नाही तर पुढच्या वेळी आपण राहत नाही. तिसराच एक पक्ष हा विषय धरून गावंच्या गावं जिंकत होता. तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. इथेही झेडपीच्या वेळी दोन्हीकडचे उमेदवार बोटींवरच्या नेपाळी खलाशांवरून भांडले. मतदान झालं, बोटी समुद्रात गेल्या, जाळी ओढायला तेच नेपाळी. भाषणात कोणाची आई नि कोणाचं पोर दिसत नाही, विनीत. तू मात्र आमच्या घरातला. तू दुसऱ्या तटात गेलास, तेव्हा तुला कोण दिसलं असेल, याचा मी फार विचार केला.

यंदा मे महिन्यात तू स्वतः उभा राहिलास, त्या निवडणुकीचं पत्रक मी पाहिलंय. दर्शना ज्या आजींना सांभाळायची, त्यांच्या दाराच्या फटीतून ते आत पडलं. तुझा हसरा फोटो, आणि खाली, मी रांगेत उभा राहून आलो, आता रांग थांबवायला हवी. आजींनी चष्मा लावून नाव वाचलं आणि दर्शनाला विचारलं, “हा तुमच्याकडचा दिसतो, ओळखतेस का गं?” ती म्हणाली, “नाही.” हे मला सांगताना ती रडली नाही. पत्रक फोटो काढून मला पाठवलं आणि म्हणाली, आई, मी पहिल्यांदाच भावाला नाही म्हटलं. तेव्हापासून तू विचारतोस, ताई फोन का उचलत नाही, आणि मी सांगते, ड्युटी असेल.

तुझे बाबा जहाजावर होते तेव्हा मी तुम्हा दोघांना फोटो दाखवून बाप शिकवला. ते घरी आले की तू माजघराच्या दाराआड लपायचास. त्यांनी सांगितलेलं आठवतं? परक्या बंदरात जहाज लागायचं, पण पास नसला की खलाशाला खाली उतरता यायचं नाही. कठड्याला टेकून रात्रभर गावातले दिवे बघायचे. आता सानिकाला मी फोटो दाखवून आई शिकवते. बाबा असते तर तुला रागावले नसते. नुसते उठून पडवीत जाऊन बसले असते.

मे महिन्यात मी तुझ्यासाठीही देवळात गेले होते. नारळ हातात घेऊन उभी राहिले, पण गाऱ्हाणं काय घालू ते सुचेना. तू निवडून येऊ दे म्हणावं तर लेकीचं दार बंद, पडू दे कसं म्हणू? नारळ तसाच देवीपुढे ठेवून आले. तू पडलास. दार लावायचं ज्यांनी आधीपासून म्हटलं होतं, लोकांनी मतं त्यांनाच दिली. त्या रात्री तुझा आवाज ऐकून मला जेवण गेलं नाही. तू माझा मुलगा आहेस, ते काही बदलत नाही.

आता जे सांगायचं नाही अशी दर्शनाने मला शपथ घातलीय, ते सांगते. त्या आजी श्रावणात गेल्या. पाठोपाठ दर्शनाच्या कंपनीचा बाहेरची माणसं ठेवायचा परवाना रद्द झाला. दिलेल्या मुदतीत दुसरी नोकरी शोधायची होती, पण नवीन नियमांत कुणी तिला घ्यायला धजेना. तुझ्या ओळखी आहेत, हे ठाऊक असून तिने तुला विचारलं नाही. येत्या शुक्रवारी दुपारच्या विमानाने ती निघते, कायमची. तू तिला थांबव असं मी म्हणत नाही, निवडणूक सोड असंही म्हणत नाही. सानिकाला मी काल सांगितलं, आई येत्येय, आता परत जाणार नाही. तिला आनंद होईल वाटलं होतं. ती दप्तर भरत होती, थांबली आणि म्हणाली, “म्हणजे मामाने सोडलं आईला?” मामानेच आईला तिकडे धरून ठेवलंय, हे पोरीच्या मनात कधीपासून होतं, देव जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं, “हो गो, मामाच सोडायला जाणार आहे तिला, विमानतळावर.” ती हसली, बऱ्याच दिवसांनी. विनीत, दर्शना कदाचित तुझ्याशी बोलणार नाही, बॅगही उचलू देणार नाही. तरी जा. मी लहान पोरीला शब्द देऊन बसलेय.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
आई