मागच्या खोलीची किल्ली

२८ मे

चि. छोटूस आशीर्वाद. शिल्लक होते तेवढे सगळे पाठवते आहे.

आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा होता तसाच कुरकुरतो आहे. तुझं पत्र पोचलं. ‘वादळापूर्वी भाड्याच्या घराची तयारी’ असा मथळा, त्याखाली दोन रेघा आणि मग सतरा कलमं! वाचून धन्य झाले. नऊ वर्षांत ज्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, तो मला पन्हळ कुठे आहे ते शिकवतो. आणि जिच्या फांद्या छाटायला सांगतोस ती चिंच चार वर्षांपूर्वीच मुळासकट आडवी झाली. तेव्हा कळवलं होतं. तू पत्रं नुसती लिहितोस रे, वाचत नाहीस.

तरी कामं झाली. पत्र्यांचे गंजलेले हूक बदलले. पन्हळ साफ केली. तिच्यातून एक चेंडू आणि ओंजळभर कुजका पाला निघाला. पाण्याची टाकी दोराने आवळली. सुतार प्रत्येक खिडकीच्या मापाची फळी कापून, वर खडूने खूण करून गेला. ‘मालक कधी येणार?’ म्हणत होता. म्हटलं, ‘मालक येत नाहीत, सूचना देतात.’ हसता हसता त्याच्या तोंडातले खिळे खाली पडले.

आता तुझं कलम अकरा. ‘मागची खोली बंदच ठेवावी. आत फर्निचर आहे. भाडेकरूंना किल्ली देऊ नये, सवय लागते.’ सवय! जीव वाचवायची सवय लागते म्हणे माणसांना. शाबास रे पठ्ठ्या! अख्ख्या घरावर पत्रे, स्लॅब काय तो त्या एका खोलीला, आणि तिच्यात चादर पांघरून कोण बसलंय तर तुझा सोफा.

हे कलम मी तीनदा वाचलं. कारण गेल्या वर्षीही ते होतं, आणि गेल्या वर्षी मी ते पाळलं.

तेव्हा तुला लिहिलं होतं की तुझी भाडेकरू शिवणवाली आणि तिचे सासरे वादळात नातेवाइकांकडे गेले होते. धादांत खोटं. त्यांना इथे आहे कोण? वारा सुटला तशी ती भिजत माझ्या दारात आली. ‘ताई, मामंजींना इथवर चालवत नाही. मागच्या खोलीची किल्ली द्या ना, वारा पडेपर्यंत.’ मी म्हटलं, ‘किल्ली भावाकडे आहे गं.’ किल्ली माझ्या पाठीमागेच खिळ्याला लटकत होती. दुसऱ्या किल्ल्यांत मिसळू नये म्हणून तिला लाल दोरा बांधलेला, आणि तो तिनेच बांधून दिलेला. तिने खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘बरं’ म्हणाली आणि गेली.

सहा तास ती दोघं मोरीत बसली. चार पत्रे उडाले. म्हातारा वाचला, पण तेव्हापासून धड बोलत नाही. जरा वारा वाजला की मोरीकडे बोट दाखवतो. ती माझ्याशी कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मला ताई म्हणणं सोडलं. आता मी मालकीणबाई.

तुला एवढी नावं ठेवते आहे खरी, पण तू कुठे लांब बसून एक ओळ खरडलीस. दारात उभी राहून तोंडावर खोटं मी बोलले. तुझी मला चीड येते छोटू, आणि माझी किळस.

काल सुताराला हाताशी घेऊन ती खोली रिकामी केली. तुझा सोफा आणि काचेचं कपाट अंगणात आहे. बांधलेलं नाही, दोर टाकीला लागला. किल्ली शिवणवालीच्या पुढे धरली, तर म्हणाली, ‘मालकांना विचारलंत?’ म्हटलं, ‘नाही.’ मग घेतली. ‘ठीक आहे, मालकीणबाई,’ म्हणाली आणि म्हाताऱ्याची खाट आत ओढायला लागली. मी दुसरी बाजू धरली. तिने नको म्हटलं नाही.

परवा पहिलं वादळ धडकणार असं रेडिओवर सांगतायत. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ते येऊन गेलेलं असेल. सोफा कोणाच्या शेतात सापडला ते कळवीन.

तुझ्या यादीत माझं एक कलम वाढव, अठरावं. यापुढे मला पत्रात ताई लिहू नकोस. ते मला आधी तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

तोवर तुझी,
मालकीणबाई