बाबांच्या ट्रॅक्टरच्या चपला

मानपाडा, शनिवार

तीर्थस्वरूप सगुणाबाय,

धाकट्या भिवाचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी तपकीर सोडली, की फक्त तुझ्यासमोर सोडली? तुमच्या मोहने गावात नळाला पाणी वेळेवर येतं ना? पत्र अशासाठी, की फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस आणि पुढचं सगळं स्वतःच बोलतेस.

बाबांचा चेनचा ट्रॅक्टर तू कशी विसरशील? खाडीचे बांध घालताना तुझं अर्धं लहानपण त्याच्यावर गेलं. (हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं की त्याला चाकांऐवजी लोखंडी पाट्यांची चेन आहे आणि स्टिअरिंगऐवजी दोन दांडे.) तो उभा आहे ती जागा दसऱ्यानंतर बिल्डरकडे जातेय. हर्षित म्हणाला, भंगारवाल्याला बोलवू. बाय, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाबांची वस्तू गॅसकटरने कापायची? मी हट्ट धरला, तो गावदेवीमागच्या आपल्या तुकड्यात राहील. पण पोरगं माझंच, तेही हट्टी. "पप्पा, मध्ये नवीन काँक्रिटचा रोड आहे. एक जरी ओरखडा आला ना, सोसायटीवाले माझं डोकं खातील. दसऱ्यापर्यंत नेलात तर नेलात, नाहीतर भंगार." ट्रेलर आपल्या गल्लीत वळत नाही, म्हणजे त्याला स्वतःच्या पायांनीच जायला हवं.

मग एमआयडीसीतला तानाजी फिटर आला. कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेयरच्या सरकत्या पट्ट्याचं जाड रबर कापून त्याने चेनच्या एकेका पाटीवर बोल्टने बसवायला घेतलं, म्हणजे लोखंड रस्त्याला लागणार नाही. तुझी भावजय नीला त्यांना चपला म्हणते. वरच्या पाट्या झाल्या, पुढच्या-मागच्या झाल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की उरलेल्या पाट्यांवर ट्रॅक्टर स्वतःच उभा आहे. थोडा पुढे घेणं आलं. इंजिन चालू झालं (बाबांची पुण्याई) आणि नीलाने वाळत घातलेला जवळा धुराने काळा पडला. ट्रॅक्टर थोडासा पुढे गेला. थोडासा डावीकडेही गेला. धुण्याच्या दगडाचे आता दोन दगड झालेत. हर्षितच्या गाडीला काहीही झालेलं नाही, कोणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

सगळ्या चपला बसल्या आणि महिपतकाका आले. आपल्या तुकड्यात जायची वाट देवळाच्या अंगणातून, आणि ट्रस्टमध्ये त्यांच्याइतकं जुनं कोणी नाही. काठीने रबर ठोकून म्हणाले, "भिवा, देवीचे आंगनान चपला घालून नेतस काय रं?" तानाजी डोकं धरून बसला. काढाव्यात तर अंगणातल्या फरशीचा चुरा, ठेवाव्यात तर देवीचा कोप. मी म्हटलं, काका, बैलांच्या पायात नाल असायचे, तेव्हा कोणी अडवलं नाही. तर म्हणे, बैलाला नाल काढता येत नव्हता, याला तुम्हीच बोल्ट ठेवलेत! शेवटी नीलाने तोड काढली. पाहुणा दारात पाय धुतो तसे याचे पाय अंगणाबाहेर धुवायचे आणि नारळ फोडायचा. काका खूश झाले, चहाही दोनदा घेतला.

तू मात्र धावपळ करू नकोस. डॉक्टरांनी आराम सांगितलाय तो कर. आम्ही निभावून नेऊ. कळवावं म्हणून लिहिलं, इतकंच.

तुझा भिवा

ता. क. पाय धुताना पाणी घालायला घरची लेक हवी, असं नीलाचं म्हणणं आहे. दसऱ्याला आलीस तर बरं दिसेल. हर्षित गाडी घेऊन येईल (उजवा दरवाजा उघडत नाही, डावीकडून बस).

आणखी ता. क. पाणी कोणीही घालेल गं. खरं सांगू? मला तो चालवता येत नाही. मी जन्मभर मडगार्डवर बसलो, चालवायचीस तू. तानाजी म्हणतो, रोडवर नाकासमोर सरळ न्यायला हवा, जागेवर वळवला तर चपला उपटतील आणि रोडही जाईल. माझ्या हातात तो सरळ जात नाही, दगडाला विचार.

आणि हो, तुझा पाय क्लचला पोचत नव्हता म्हणून बाबांनी पेडलवर लाकडी ठोकळा बांधला होता ना? तो अजून आहे. मध्ये येतो म्हणून तानाजी काढायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, चालवणारी येतेय.