गुरुवारची प्रार्थना आमच्याकडे

हुडकेश्वर, नागपूर
१४ मार्च २०२५

ती. रूथताईस,
धाकट्या शलमोनचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोललो की बाबा दचकतात, तेव्हा पत्रच बरं. बाबांची उजवी बाजू अजून तशीच आहे. लकव्यानंतर दिवाळी गेली, नाताळ गेला. हालचाल डाव्या हातातच काय ती. मागच्या आठवड्यात त्यांना उचलताना सुमतीची कंबर धरली. डॉक्टरांनी तिलाही झोपून राहायला सांगितलंय. एका खोलीत सासरे, दुसऱ्या खोलीत सून, आणि मी मधल्या दारात. सकाळी सगळं आवरून मिहानला गोदामावर जातो. जेवणाच्या सुट्टीत गाडी हाणत येतो, बाबांची चादर बदलतो, परत जातो. जेवण राहतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाला. दर गुरुवारी चर्चची मंडळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमते. यंदा पहिली पाळी आमची होती. मी पाळकसाहेबांना सांगितलं की घराला रंग चालू आहे. ताई, घरात शिरल्याबरोबर वास येतो गं. ज्या बाबांनी गावभरच्या पोरांना ताठ बसायला शिकवलं, त्यांना असं लोळागोळा झालेलं कुणी पाहू नये एवढंच मला वाटतं.

त्यांना दर्यापूरला पाठव असं तू लिहितेस. तुला स्वतःला उठायला भिंत लागते. राहू दे. माझी पाठ अजून शाबूत आहे.

तुझा,
शलमोन


दर्यापूर
२० मार्च

चि. शलमोन यास,
रूथताईचा सलाम व अ. आ.

घराला रंग म्हणे. काहून गा, दुसरं काही सुचलं नाही? तुमच्या भिंतींना शेवटचा रंग लागला तो सुमती लग्न होऊन आली तेव्हा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोरोनात तू लोकांच्या दारी डबे पोचवलेस, कितीक आजाऱ्यांना उचलून रिक्षात बसवलंस. मंडळी शलमोनभाऊ, शलमोनभाऊ करते. ते तुला गोड लागते, मले माहीत आहे. लागू दे. पण कुणाला आपल्यासाठी इकडची बादली तिकडे तरी करू दिलीस का? मनोहररावांचंच घे. चर्चच्या पंचांच्या निवडणुकीत ते आले, तू पडलास, तेव्हापासून त्यांना नुसती मान हलवतोस असं सुमतीनं कळवलं होतं. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला, तेव्हा पेत्रानंही पाय मागे ओढले होते. धुणाऱ्याला वाकावं लागते हे खरं, पण पाय पुढं करणाऱ्यालाही थोडं वाकावंच लागते, बापा.

तुझी पाठ किती दिवस पुरेल? ती गेली तर बाबांना पाणी कोण पाजील? मी पाळकबाईंना चार ओळी टाकल्या आहेत. आता रागव. सुमतीच्या कमरेला शेक दे आणि तिच्याशी घडीभर बोलत बस.

तुमच्या सगळ्यांची आठवण काढणारी,
रूथताई


हुडकेश्वर
३० मार्च, रविवार

ती. ताईस सलाम.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी आपल्या घराचं नाव घेतलं. लकवा, कंबर, काही म्हणता काही सोडलं नाही. वर जाहीर केलं की येत्या गुरुवारची प्रार्थना शलमोनभाऊंकडे, आणि जमेल त्यांनी थोडं आधी जाऊन हातभार लावावा. माझे कान तापले. बाहेर निघताना मनोहरराव आडवे आले आणि रंग वाळला का म्हणून विचारलं.

बाबा तुझेही आहेत, पण घर माझं आहे. मला विचारायला हवं होतंस. गुरुवारी मी दार उघडणार नाही.

शलमोन


हुडकेश्वर
४ एप्रिल

ती. रूथताईस,
शलमोनचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं उत्तर नाही. रागावली असशील तर हक्क आहे तुझा.

काल संध्याकाळी फाटक वाजलं, तेव्हा मी खरंच कडी लावून बसलो होतो. सुमती आतून पडल्यापडल्या म्हणाली, की तुमचा मान सांभाळता सांभाळता माझी कंबर गेली, आता दार उघडा. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. मी उठलो.

सात-आठ जण होते. बायांनी चादरी काढल्या, फरशी पुसली, सुमतीला न्हाऊ घातलं. नाकाला पदर कुणी लावला नाही. मी बघत होतो. मनोहररावांनी स्वतःचा टॉवेल आणला होता. भिंतीकडे बघून रंग छान आला आहे म्हणाले आणि बाबांची दाढी करायला बसले. त्यांना ते काम मुळीच येत नाही. हनुवटीला कापलं, तर बाबांचीच माफी मागितली आणि निवडणुकीत मुलाला कापलं, आता बापाला म्हणाले. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. कितीतरी दिवसांनी हसले, ताई.

मग प्रार्थना सुरू झाली. घरचा माणूस म्हणून मी बायबलमधला शास्त्रभाग वाचायचा होता. भिंतीला टेकलो एवढं आठवतं. जाग आली तेव्हा मंडळी निघून गेली होती. सुमतीनं सांगितलं, की मी घोरायला लागल्यावर त्यांनी गाणी सोडून दिली, हळू आवाजात प्रार्थना केली आणि भांडी घासून गेले. माझ्याच घरातली प्रार्थना, आणि मी झोपलेला.

मनोहरराव मात्र होते. बाबांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं होतं आणि तसेच झोपी गेले होते. हात सोडवला तर जागे होतील म्हणून ते बसून राहिले. समोरच्या चहावर साय धरली होती. मी दुसऱ्या बाजूला बसलो. त्यांनी काही विचारलं असतं तर मी सवयीनं सगळं ठीक आहे म्हणालो असतो. त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, की मला एकट्याला होत नाही, उद्या सकाळी याल का. ते म्हणाले येतो, पण दाढी तुम्ही करा.

आज सकाळी आले.

थकवा गेला असं नाही. तो आहेच. माझ्या त्या रविवारच्या पत्राबद्दल जमेल तेव्हा माफ कर, आणि गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
शलमोन