डावीकडचं पान

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आधी नमस्कार, मग खुशाली. इकडे सगळे बरे आहेत. तुझा पाय थंडीत पुन्हा दुखतो असं वहिनी फोनवर म्हणाली. शेकून घेत जा, हट्ट करू नकोस. ऑफिसात माझी बदली जुन्या नकाशांच्या विभागात झाली आहे. दिवसभर फाटके नकाशे भिंगाखाली धरायचे आणि पुन्हा रेखाटायचे. साहेब म्हणतात, हिचा हात स्थिर आहे. तू असतास तर म्हणाला असतास, हाताचं ठीक आहे, डोक्याचं काय?

चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत आपल्या मनातल्या देशाच्या मोहिमांचा खेळ चालू आहे. दर रविवारी चार वाजता, तेच डुगडुगणारं टेबल, तीच फाशांची पेटी. शाळेतल्या बाई खेळात अजून सरसेनापतीच आहेत. तुझ्या खुर्चीवर त्या पिशवी ठेवायच्या. मागच्या रविवारी त्यांनी ती आपणहून खाली ठेवली.

आठ महिने झाले तुला खेळ सोडून. मी लिहिलेल्या पूर्वकथेवरून तू रागावलास, असं मी बाईंना आणि चष्मेवाल्याला सांगितलं होतं. वर "दादा हल्ली फार चिडका झालाय" असंही म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि मला हायसं वाटलं. त्याचीच आता लाज वाटते.

आपण हा देश रचायला घेतला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आजोबांच्या वेळचं युद्ध आपण हरलो नसतो तर, एवढ्या एका वाक्यावर सगळा डोलारा. नद्या तू काढल्यास, गावांना नावं मी दिली. तू लष्करात गेलास तेव्हाही तुझं पात्र आम्ही राखून ठेवलं होतं. नियमही तुझेच. खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने, म्हणजे मी, मोहिमेची पूर्वकथा वहीच्या उजव्या पानावर शाईने लिहायची. टेबलावर वाचली की तो इतिहास, मग खोडायचा नाही. डावं पान कोरं सोडायचं, जो तिथे हजर होता त्याच्या साक्षीसाठी.

उत्तरेची मोहीम आधी एकदा फसलेली हवी होती, म्हणजे बाईंना ती सावरता आली असती. ती का फसली, ते मला सुचेना. फितुरी वापरून झाली होती, साथ झाली होती, पूर तर दोनदा. मग मी पूल लिहिला. पुलावरच्या अधिकाऱ्याचा धीर सुटला, त्याने हुकमाआधीच पूल उडवला आणि आपलीच काही माणसं पलीकडे राहिली. वाचून झालं. मला वाटलं, काय छान रंगलंय.

तेव्हा तू विचारलंस, "किती माणसं?"

मी म्हणाले, "नऊ."

वहीत आकडा लिहिलेलाच नव्हता. तू तुझे फासे पेटीत ठेवलेस, कडी लावलीस आणि निघून गेलास.

नंतर तुला पाठवलेल्या दोन्ही निरोपांत मी त्या आकड्याला योगायोग म्हणाले. ते खोटं होतं, दादा. पायाच्या ऑपरेशननंतर इस्पितळात तुला ताप चढला होता आणि मी तुझ्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. तू म्हणालास, पूल उडवायचा हुकूम आला तेव्हा पलीकडे आपल्या माणसांची गाडी दिसत होती. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा तोच हुकूम आला. नऊ जण होते, तू मोजले होते. मी सगळं ऐकलं. आणि म्हणाले, "झोप, ताप आहे तुला." ताप उतरल्यावर तू माझ्याकडे बघत राहिलास, तर मी डबा उघडून विषय बदलला. भ्याले मी. तू आणखी काही सांगितलं असतंस तर काय बोलायचं, मला ठाऊक नव्हतं.

सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. आणि मग खेळात वापरलं. त्यात धीर सुटल्याचं मी पदरचं घातलं. खरं लिहिलं असतं तर दोष हुकूम देणाऱ्या सरसेनापतीकडे गेला असता आणि बाईंचा डाव बिघडला असता. तेवढ्यासाठी मी तुला भित्रा केलं.

आज मी त्या दोघांना सांगितलं की चूक माझी होती, दादाची नाही, आणि काय ते विचारू नका. चष्मेवाल्याने चहा टाकला. बाई म्हणाल्या, ही मोहीम आपण इथेच थांबवू.

वही या पत्राबरोबर पाठवते आहे. आपला बावीस वर्षांचा देश आहे तो, दुसरी प्रत नाही. पुलाच्या पानासमोर, डावीकडे अगदी तळाशी मी माझी साक्ष लिहिली आहे. पुलावर मी नव्हते. इस्पितळात होते, म्हणून तेवढंच लिहिलं: "सूत्रधाराने हे रचलेलं नाही. तिला ते विश्वासाने सांगितलं होतं. धीर सुटला नव्हता, हुकूम आला होता." हे मी कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. वरचं सगळं पान तुझं आहे. लिही, कोरं ठेव, नाहीतर वहीच फाडून टाक. मी एका शब्दाने विचारणार नाही.

फक्त पुन्हा कधी सांगावंसं वाटलं, तर मला सांग. या वेळी मी झोप म्हणणार नाही.

ऐकायला बसलेलं,
तुझं शेंडेफळ