वर चढलं की आई

४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नव्या संसाराला वर्ष होत आलं, तरी नावाआधी ‘सौ.’ लिहिताना हात अडखळतो. असो.

तुझी लेक ठणठणीत आहे. समोरचे दोन दात पडलेत, त्या फटीतून शीळ घालता येते का याचे प्रयोग दिवसभर चालू असतात. भिंगरी हे नाव तू ठेवलंस ते बरोबरच ठेवलंस.

आता कामाचं. गावावरच्या डोंगराला पडलेल्या भेगा मी भूगर्भ खात्यासाठी रोज सकाळी वर जाऊन मोजते. पूर्वी महिन्यात जेवढ्या रुंदावायच्या तेवढ्या आता आठवड्यात रुंदावतात. कधीही भोंगा वाजेल आणि गाव सोडावं लागेल. खालचा रस्ता दरडीखाली गेलाय, म्हणजे खिंड ओलांडून थेट रेल्वे जंक्शनपर्यंत पायी. मोठ्या माणसाला दोन दिवस लागतात, भिंगरीला घेऊन तीन.

बॅग भरून दारामागे टांगली आहे. आधी बारा किलो भरली, पाठीवर घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढले आणि उतरताना गुडघे लटपटले. आता नऊवर आणली आहे. भिंगरीला मध्येमध्ये उचलावं लागणार, तेवढी ताकद राखून ठेवायला हवी. पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, तापाचं औषध, प्लॅस्टिकमध्ये बांधलेले कोरडे कपडे, टॉर्च, दोरी, फोडांवरची चिकटपट्टी. तिच्या छोट्या बॅगेत स्वेटर, शिट्टी आणि तिच्या पसंतीची एकच वस्तू. तिनं चहाची गाळणी निवडली. साबणाचे फुगे काढायला. मी वजन केलं आणि परवानगी दिली.

तू जंक्शनवर न्यायला येशील ना, एवढंच कळव. टपाल हल्ली खेचरावरून येतं, तेव्हा लवकर लिही.

तुझी
मोजपट्टी

१३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

गाळणीचं वजन करणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच असेल आणि ती माझी बहीण असावी! लहानपणी माझ्या वाटणीचा पाव पट्टीनं मोजणारी तूच. तरी त्याच बळावर इथे निर्धास्त आहे. तू आहेस म्हणजे भिंगरीच्या केसालाही धक्का लागायचा नाही.

येताना माझी नर्सिंगची प्रमाणपत्रं आण. इथल्या दवाखान्यात कायम करायचं म्हणतात. जमलं तर राखाडी शालही. इथल्या थंडीनं हाडं वाजतात.

आता जे लिहायचं ते दोन दिवस लिहून फाडते आहे. ह्यांना मी पहिल्या लग्नाचं सगळं सांगितलं, तो गेल्याचंही सांगितलं. भिंगरीचं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता वर्ष गेलं. घरात सासूबाई आहेत, आणि त्यांचं तोंड म्हणजे तोंड नव्हे, कात्री आहे. परवा तुझं पत्र ह्यांच्या हाती लागलं. मजकूर वाचला नाही, नुसतं नाव नजरेस पडलं, आणि कोण भिंगरी म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की धाकटीची मुलगी.

रागावू नकोस. पूर्ण वाच. तुझं लग्न झालेलं नाही हे इथे कुणाला ठाऊक नाही. नवरा सोडून गेला म्हणून सांगता येईल, आणि तू परत जाशील तेव्हा कोण विचारायला येणार? भिंगरी माझ्याजवळच राहील, पोटभर जेवेल, शाळेत जाईल. फक्त हाक बदलायची. तुला आई, मला मावशी. वाटेत तीन दिवस आहेत, तेवढ्यात सवय लाव. मुलं पटकन शिकतात.

तुझ्या जिवावर उड्या मारणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रमाणपत्रं घेतली. शाल नाही.

दुसऱ्या गोष्टीला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. माझ्या नावाला काय लागेल याची फारशी चिंता नाही. तू मला न विचारता मला नवरा दिलास आणि तो पळवूनही लावलास, हे एरवी मला हसू येण्यासारखं होतं. पण मी त्या पोरीला खोटं शिकवणार नाही. अडचण कुठे आहे ते सांगते.

रविवारी आम्ही चालायची तालीम केली. खडीच्या खाणीपर्यंत ती नाचत गेली आणि तिथे बसली ती बसलीच. खाऊ दाखवला, गोष्ट सांगितली, दटावलं. हूं की चूं नाही. शेवटी मी म्हटलं की वर चढलं की आई. ती उठली आणि माझ्याआधी वर पोचली. वर तू नव्हतीस. ती रडली नाही, फक्त हा सराव होता का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मी सहसा खात्री नसलेलं वाक्य बोलत नाही, हे तुला माहीत आहे. हे बोलले, कारण तुझ्या भरवशावर बोलले.

तेव्हा तिला चालवायला माझ्याकडे हा एकच उपाय आहे आणि तोच तू काढून घ्यायला सांगतेस. जंक्शनवर ये. आई म्हणून ये. बाकीचं घरात काय ते तुझं तू निस्तर.

मोजपट्टी

२८ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते, टपालवाला दारात उभा आहे. मी येते. हेही बरोबर येणार म्हणतात, त्यांना नाही कसं म्हणू? माणूस खरंच चांगला आहे गं, म्हणूनच भीती वाटते. त्या दिवसापुरतं सांभाळून घे. पोर एकदा घरात रुळली की मीच माझ्या तोंडानं सांगेन, तिच्या गळ्याशपथ. आई गेल्यावर तुझी वेणी मीच घालत होते, तेवढं तरी आठव.

ताई

१६ एप्रिल

ताईस,
नमस्कार.

आपण जंक्शनवर भेटलो त्याला आज दुसरा दिवस. तिथे तुला बोलता आलं नाही, मला बोलायचं नव्हतं. म्हणून लिहिते.

भोंगा अकरा तारखेला सकाळी वाजला. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या चढावर तिच्या टाचांना फोड आले. मी तिला पाठीवर घेतलं आणि बॅग पोटाशी बांधली. मग बॅगेतून एकेक काढत गेले. दोरी, जादा कपडे, टॉर्च. तुझी प्रमाणपत्रं खिंडीच्या अलीकडे एका दगडाखाली आहेत. कायम व्हायचं असेल तर जाऊन आण.

मला दम लागला की ती उतरायची आणि स्वतः चालायची. प्रत्येक चढाला आता तीच मला सांगत होती की मावशी, वर चढलं की आई. एका म्हातारबाबांनी विचारलं, तर त्यांनाही तिनं तेच सांगितलं. चौथ्या दिवशी शेवटचा उतार ती धावत आली. फोड फुटले होते तरी.

भोंग्याची बातमी ऐकून तू आली होतीस, फलाटावर उभी होतीस. तिनं तुला माझ्याआधी ओळखलं. ती धावली, तू पाऊलभर पुढे आलीस, दोन्ही हात वर आले, हे मी पाहिलं. मग तू भावोजींकडे पाहिलंस आणि मोठ्यानं म्हणालीस की केवढी झाली ही, मावशीला ओळखलंस का.

ती जागच्या जागी थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं ते वाक्य तुझं होतं, आणि गाडी सुटायला अजून वेळ होता. मी तुला तो सगळा वेळ दिला. तू तिला बिस्किटं दिलीस. भावोजी खरंच सज्जन आहेत. त्यांनी तिचे फोड पाहिले, दवाखान्याची चौकशी केली आणि नाक अगदी आईवर गेलंय म्हणून कौतुकानं माझ्या नाकाकडे पाहिलं. तू पदराशी चाळा करत होतीस.

त्यांनी आम्हा दोघींनाही घरी चला म्हणून आग्रह केला. मी नको म्हटलं. आम्ही इथे मालधक्क्याच्या शेडमध्ये आहोत. घोंगड्या मिळाल्या आहेत, जेवण येतं. माझ्या खात्यानं जंक्शनच्या कचेरीत काम द्यायचं कबूल केलंय. तिची शाळाही इथेच बघेन. तू तुझ्या तोंडानं सांगशील तेव्हा ये. तोवर येऊ नकोस.

आणखी एक. कालपासून ती बूट काढू देत नाही. जखमा चिघळतील म्हणून मी ओरडले, तर तिनं मला समजावलं की आपल्याला अजून जायचं आहे. ती मावशी तर भेटली, आता आई किती लांब आहे ते तेवढं सांग, म्हणाली.

लोभाचं यावेळी लिहीत नाही.

भिंगरीच्या दोन मावश्यांपैकी
एक