मोठ्या आतड्याचा विसावा बिंदू

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
नाक बंद. डावं पूर्ण, उजवं नावापुरतं उघडं. कपाळात कुणी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं जड.
ही म्हणाली, अहो, तीन महिने झाले, आता तरी नाकाच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, साबणाच्या कारखान्यात चोवीस वर्षं वास तपासतोय, माझ्या नाकाला बाहेरचा सल्ला? डॉक्टर काय करणार? टॉर्च मारणार, स्प्रे लिहून देणार, पंधरा दिवसांनी परत बोलावणार. टॉर्च आपल्याकडेही आहे.
आजपासून अ‍ॅक्युप्रेशर. जुनं चिनी शास्त्र. संकल्प : एकवीस दिवसांत नाक मोकळं. कारखान्यात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत क्लास. नऊ जण. आठ जणांचे गुडघे, नाकवाला मी एकटा.
शिकवणाऱ्या बाईंनी चार बिंदू दाखवले. दोन भुवयांच्या मधला एक, भुवयांच्या आतल्या टोकांशी एक, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक. मुख्य मात्र नाकपुड्यांच्या कडेला, दोन्ही बाजूंना. त्याच्या चिनी नावाचा अर्थ म्हणे ‘सुगंधाचं स्वागत’. आवडलं. पण तक्त्यात तो मोठ्या आतड्याच्या खात्यात, नंबर विसावा. बिंदू नाकावर आणि मालकी आतड्याची! फायलिंग कुणी केलंय कोण जाणे.
बाई म्हणाल्या, हलकं दाबा, एक-दोन मिनिटं, दुखेपर्यंत नाही. शेवटी म्हणाल्या, याने तात्पुरतं बरं वाटतं, पण वासच येत नसेल तर आधी डॉक्टर गाठा. हे माझ्याकडे बघून. मी विचारलंही नव्हतं.
स्वतःच्या शास्त्रावर विश्वास नसलेली बाई. पुढच्या क्लासला जाणार नाही. घ्यायचं ते घेऊन झालं.

८ फेब्रुवारी, ७.०५
यश! डावी नाकपुडी उघडली. चार मिनिटं.
ही म्हणाली, आत्ताच कढत पाण्याने आंघोळ करून आलात म्हणून. अशा माणसांसोबत संसार करायचा.

११ फेब्रुवारी
हिच्या हाताची चव गेली आहे. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. बोलायचं नाही असं ठरवलं. बोललो. मुलगी म्हणाली, बाबा, आज आईने नाही, मी केलंय.
म्हणजे चव घराण्यातूनच गेली आहे. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. दाबायला शांतता मिळाली.

१३ फेब्रुवारी
कामावर अडचण नाही. माझी मदतनीस, जिला मी मनात धाकटी म्हणतो, रोज सकाळी प्रत्येक लॉटच्या नमुन्यात कागदी पट्टी बुडवून समोर ठेवते. मी डोळे मिटतो, पट्टी नाकाखालून नेतो, निकाल देतो. सध्या अनुभवावर भागवतोय. पट्टीचा रंग बघतो. शिवाय माल बिघडलेला असला की धाकटी पट्टी ठेवताना खोकते. रसायनशास्त्राची डिग्री घेतली, पण चेहऱ्यावर आणि घशावर ताबा नाही. मला फायदाच.

१७ फेब्रुवारी
बाईंचं हलकं दाबणं म्हणजे गालाला पावडर लावणं. बोटात जोर कमी पडतो. पेनचं टोपण घेतलं. प्रत्येक बाजूला दहा मिनिटं. डोळ्यांतून पाणी आलं. काहीतरी हललं नक्की.

१८ फेब्रुवारी
नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन गोल काळेनिळे डाग. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, साहेब, चष्मा बदलला का? हो म्हटलं. मी चष्मा लावत नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी
वॉचमनला सर्दी. त्याचा हात धरून बेचक्यातला बिंदू दाबला. तो ओरडला, मग त्याचं नाक वाहायला लागलं. म्हणजे मोकळंच झालं की! पद्धत सिद्ध. आभार मानायची अक्कल मात्र नाही. संध्याकाळी मला बघून केबिनचं दार लावून घेतलं.

२३ फेब्रुवारी
एकवीस दिवस पूर्ण. निकाल : डावं बंद, उजवंही बंद. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आधी हे संतुलन नव्हतं. मुदत वाढवतो. एकवीस हे कामाचे दिवस धरायला हवे होते.

२६ फेब्रुवारी
लॅव्हेंडरचा मोठा लॉट. धाकटीने पट्टी ठेवली. खोकली. परत खोकली. मग चक्क बोलली, सर, खवट तेलाचा वास येतोय, हा लॉट थांबवूया.
समोर दोन ऑपरेटर उभे. मी म्हणालो, मला तर काही येत नाही. ती म्हणाली, सर, प्लीज, एकदा परत बघा. परत बघितलं. वास अजिबात नाही, मग खवट कुठून असणार? सही केली. तिला म्हणालो, नाक कमवावं लागतं, डिग्रीबरोबर फुकट मिळत नाही.
वाक्य छान जमलं. ऑपरेटर हसले. ती खाली बघत राहिली. शिकेल हळूहळू.

६ मार्च
लॉट परत आला. सगळा. दुकानदारांनी म्हणे पेट्या फोडल्या आणि नाकाला रुमाल लावले. आजकाल दुकानदारांनाही नाकं फुटली आहेत.
मालकांनी बोलावलं. धाकटीने पट्टी नीट बुडवली नसेल, असं सांगायचं ठरवून गेलो. ती आधीच तिथे उभी होती. मालकांनी काही विचारलं नाही, टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्या.
पहिली, लिंबू म्हणालो. दुसरी, मोगरा. तिसरीला मुद्दाम वेळ घेतला. डोळे मिटून म्हणालो, गुलाब आहे, पण शेवट जरा कडवट, पुरवठादार बदला.
मालक म्हणाले, तिन्ही कोऱ्या आहेत.
मी म्हणालो, या मुलीने मला सांगायला हवं होतं. मालकांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्या दिवशीच्या माझ्या सहीखाली बारीक अक्षरात : माझं मत वेगळं आहे. खाली धाकटीची सही.
बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. म्हटलं, मालकांकडे चुगली करायच्या आधी माझ्याशी बोलायचं होतं. ती म्हणाली, सर, मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुम्हाला वास येत नाही हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. म्हणून तर खोकत होते. वाटलं, बरं वाटेपर्यंत निभावून नेऊ.
तिचा राग आला. मग कुणाचा येतोय ते कळेना. टोपण खिशात होतं. दाबलं नाही.

९ मार्च
पॅकिंग हॉल. खोक्यांना चिकटपट्टी लावायची. माणसाने प्रत्येक विभागाचा अनुभव घ्यावाच. पहिली तीस खोकी उलटी चिकटवली. शेजारच्या बाईने परत उघडून दिली. वर माझ्या टेबलाशी धाकटी बसते.
घरी सगळं सांगावं लागलं. हिने सरळ फोन उचलला आणि नाकाच्या डॉक्टरची वेळ घेतली. मला न विचारता. मी हरकत नोंदवली. मनात.

१२ मार्च
डॉक्टर म्हणजे एक पोरगी. नळीच्या टोकाला कॅमेरा. स्क्रीनवर माझं नाक आतून दिसलं. सोललेल्या द्राक्षांसारखे राखाडी गोळे, दोन्हीकडे गच्च. पॉलिप म्हणाली.
विचारलं, किती दिवस त्रास? चार महिने. काही उपचार? चालू आहेत. कुणाचे? म्हटलं, माझेच.
ही छताकडे बघत बसली.
डॉक्टर नाकाशेजारचे डाग बघून म्हणाली, बाहेरून दाबून हे गोळे जात नसतात, काका. हे डाग तेवढे जातील. आधी गोळ्या आणि स्प्रे, मग बघू, कदाचित ऑपरेशन. मी विचारलं, वास? म्हणाली, येईल बहुतेक. पूर्वीचं नाक परत मिळेल का, ते आत्ता सांगता येणार नाही.
टॉर्चही मारला. पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

२७ मार्च, सकाळी ११
फेरतपासणी. बाकावर पाऊण तास. कंटाळून दवाखान्याच्या संडासात गेलो.
आत पाऊल टाकलं आणि थांबलो. फिनेल. पातळ केलेलं, हलक्या दर्जाचं, वरून लिंबाचा खोटा वास मारलेलं. फरशी नीट पुसलेली नाही. कोपऱ्यातलं फडकं ओलंच राहून कुबट झालंय. चोवीस वर्षांत मी असा माल एकदाही पास केला नसता.
कडी लावली. फडक्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि भरून भरून वास घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फिनेल उग्र असतंच.
बाहेर माझा नंबर पुकारला. मग हिने दार वाजवलं. अहो, आत काय करताय इतका वेळ? बरं वाटत नाहीये का?
आलोच म्हटलं. अजून पाच मिनिटं आतच होतो.