मागच्या अंगणातला निळा वाफा

मी, शिवणकाम करून संसार चालवलेली, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, जीव मात्र नाही. परवा डॉक्टरांनी तपासताना छातीला लावलेली नळी बराच वेळ काढलीच नाही, आणि नंतर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तेव्हापासून मी धास्ती घेतली आहे.

१. राहते घर मुलगा व सूनबाई यांना समान हिश्श्याने. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री सूनबाईला. त्या कात्रीने कागद कापू नये.

३. भिंतीवरचे घड्याळ धाकट्या नणंदेला. माझ्या लग्नापासून ती म्हणते आहे की ते मागे पडते. आता तिनेच ते पुढे करत बसावे.

४. मागच्या अंगणातला वाफा. माझी खरी काळजी हीच. त्यात बारीक निळी फुले येतात; बियांच्या पाकिटावर फर्गेट-मी-नॉट, म्हणजे 'मला विसरू नकोस', असे नाव होते. बी माझ्या यजमानांनी पेरले. या रोपांना पहिल्या वर्षी नुसती पाने येतात, फुले पुढच्या वर्षी. मधल्या थंडीत यजमान गेले. फुले त्यांनी पाहिली नाहीत.

फुलून झाले की रोपे काळी, मरतुकडी दिसतात, आणि नेमके तेव्हाच त्यांचे बी खाली पडत असते. त्याआधी उपटली तर पुढे काही उगवणार नाही. सूनबाई गुणाची आहे, पण तिला वाळकी काडी डोळ्यांसमोर खपत नाही. तिने खुरपे हातात घेतले की मी मागच्या दारात जाऊन उभी राहते.

सबब हा वाफा मी माझ्या आळशी दिरांच्या ताब्यात देत आहे. यजमान गेल्यावर, फुले यायच्या आधी, ती पाने मला तण वाटली, म्हणून दिरांना वाफा साफ करायला सांगितले. त्यांनी बसल्या जागेवरून हुंकार दिला आणि हात लावला नाही. मी चार माणसांत त्यांचा उद्धार केला. वाफा मात्र त्या बसून राहण्यानेच वाचला.

दिरांना खरे तर साक्षीसाठी बोलावले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करायची नसते, म्हणून सही नको असे सांगून त्यांना वरचे कलम वाचून दाखवले.

"वहिनी, मी करायचं काय?"

"काही नाही. तेच तर हवंय."

त्यांनी खिडकीतून वाफ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "दादानं सांगून ठेवलं होतं. फुलं पुढच्या वर्षी येतील, तोवर वहिनीला उपटू देऊ नकोस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"दादाचं नाव काढलं की तुम्ही रडायला लागायचात. त्यापेक्षा तुमच्या शिव्या परवडल्या."

मी उठून चहाचे आधण ठेवले.

५. दिरांच्या पश्चात वाफ्याचे काय, हा घोर आहेच. त्यांनी नातीला पाने ओळखायला शिकवावे. त्यांच्या हाती पाण्याची झारी मात्र देऊ नये. आता उत्साहाने बुडवतील.

साक्षीदार: शेजारच्या चष्मेवाल्या बाई, आणि कुलूप दुरुस्तीला आलेला चावीवाला, ज्याला चहावर थांबवून घेतले.

स्थळ: माझ्या घराची मागची खोली. दिनांक: यंदाची पाने वर आली त्या आठवड्यातला सोमवार.

खाडाखोडीबाबत: कलम चारमधील "आळशी" हा शब्द मी स्वतः खोडला आहे. त्या जागी माझी सही आहे.